लाइट गेली की थांबणारा आवाज

२०२५ च्या जून महिन्यात, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, आमच्या शेजारच्या बाई दवाखान्यात आल्या. बाई म्हणजे प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय वर्षे बहात्तर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले असल्याने त्या सगळ्यांच्याच बाई. तीन आठवड्यांपासून झोप नाही, ही तक्रार. "डॉक्टर, रात्री अंग टाकलं की लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा आवाज येतो. घूं घूं घूं. थांबतच नाही." (हा मजकूर बाईंना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या परवानगीनेच छापायला देत आहे.)

रक्तदाब पाहिला. एरवी १३० च्या आसपास राहणारा वरचा आकडा १६० वर गेला होता. कान तपासले. उजव्या कानात थोडा मळ होता, तो काढला. सोबत सूनबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आईंना टीव्ही मोठ्यानं लागतो, स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि हा आवाज मात्र बरा ऐकू येतो! मी त्यांच्या खोलीत मधोमध उभी राहून कान देऊन ऐकलं. काही नाही." मी मान डोलावली. म्हातारपणी कानात आवाज येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आमच्या पुस्तकात त्याला कर्णनाद म्हणतात. मी झोपेच्या गोळीची अर्धी मात्रा आठ दिवसांसाठी लिहून दिली.

बाई जाता जाता म्हणाल्या, "लाइट गेली की मात्र बरं वाटतं हो. परवा रात्री दोन तास लाइट नव्हती, तेवढीच काय ती झोप लागली." मी हसून म्हणालो, "बाई, लाइट गेल्यावर बरं वाटणाऱ्या या गावात तुम्ही एकट्याच!"

त्या विनोदाची लाज मला अजून वाटते. रोगी स्वतः निदान सांगत होता आणि डॉक्टर विनोद करत होता.

पाचव्या रात्री बाई लघवीला उठल्या, गोळीच्या गुंगीत तोल गेला आणि मोरीच्या उंबऱ्यावर उजवा हात टेकून पडल्या. मनगटाचे हाड मोडले. वृद्ध माणसाला झोपेची गोळी दिली की रात्री पडण्याची भीती वाढते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण दवाखान्यात बाहेर वीस माणसे बसलेली असली की गोळी लिहिणे सोपे आणि प्रश्न विचारणे अवघड होऊन बसते.

प्लास्टर घातल्यानंतर आठवडाभराने, रात्री साडेनऊच्या सुमारास, बोटांना सूज आहे का ते पाहायला मी त्यांच्याकडे गेलो. बाहेर पाऊस होता. हवेत गारवा असल्याने पंखा बंद. बाईंची कॉट खोलीच्या कोपऱ्यात, उशी भिंतीशी. मी कॉटच्या कडेला बसून सहज डोके भिंतीला टेकले, आणि मलाही ऐकू आले. अगदी हळू, पण सलग. घूं घूं घूं. भिंतीवर तळवा ठेवला तर तळव्यालाही किंचित कंप जाणवला. तेवढ्यात लाइट गेली. आवाज बंद. काळोखात बाई म्हणाल्या, "थांबला बघा." दहा मिनिटांनी लाइट आली. भिंतीपलीकडून आधी 'धप्' असा एक ठोका आला आणि मागोमाग ती गिरणी पुन्हा सुरू झाली.

भिंतीपलीकडे माझी बैठकीची खोली आहे.

आमची घरे जोडीने बांधलेली. मधली भिंत एक, नऊ इंचांची. २०२४ च्या दिवाळीत मी हौसेने घरात होम थिएटर घेतले. पाच लहान स्पीकर आणि एक मोठा बेसचा डबा, ज्याला सबवूफर म्हणतात. जाहिरातीत ५.१ असे लिहितात, त्यातला तो शेवटचा एक. आमच्या सौभाग्यवती त्याला काळी पेटी म्हणतात. ती पेटी जागा अडवू नये म्हणून आम्ही कोपऱ्यात, बरोबर सामाईक भिंतीला चिकटवून ठेवली होती. मे महिन्यात मुलगा सुट्टीला आला, त्याने केबलचा सेट-टॉप बॉक्स या यंत्राला जोडून दिला आणि तो पुण्याला परत गेला. जूनमध्ये बाई दवाखान्यात आल्या. तारखा जुळवणे हे डॉक्टरचे पहिले काम. मी ते स्वतःच्या घराच्या बाबतीत केले नाही.

आता कोणी विचारील की आवाज तुमच्या घरात, मग तुम्हाला कसा ऐकू आला नाही? मीही मुलाला फोनवर हेच विचारले. त्याची कारणे तीन. आम्ही माडीवर निजतो. खाली बसतो तेव्हा पंखा आणि टीव्ही दोन्ही चालू असतात. तिसरे कारण मात्र मला मोठे मौजेचे वाटले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती सबवूफरमध्ये शिरली की ५० आणि तिच्या पटीत १०० कंपनांचा खर्जातला आवाज होतो. ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर, म्हणजे साधारण तेवीस फूट लांब असते. खोली तिच्या निम्म्या लांबीची असली की आवाज समोरासमोरच्या भिंतींपाशी साठतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. मी टेप घेऊन बाईंची खोली मोजली. साडेअकरा फूट. सूनबाई मधोमध उभ्या राहिल्या, त्यांना ऐकू आले नाही. बाईंची उशी कोपऱ्यात, त्यांना रात्रभर ऐकू आले. दोघीही खरे बोलत होत्या.

सूनबाईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तर मला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्गातल्या मुलानेही दिले असते. वयाबरोबर कान जातो तो आधी वरच्या पट्टीचा. स, त, क अशी व्यंजने नीट उमटत नाहीत, म्हणून माणसाला बोलणे कळत नाही, टीव्ही मोठा लागतो. खर्जाचा कान पुष्कळ काळ शाबूत राहतो. त्यामुळे हाक न ऐकणाऱ्या आजीला बेसची घूं घूं स्पष्ट ऐकू येणे अगदी शक्य आहे. "हवं ते बरं ऐकू येतं" हे वाक्य घरोघर म्हाताऱ्यांना ऐकवले जाते. ते यापुढे जरा जपून ऐकवावे.

असो. त्याच रात्री मी पेटीचा प्लग काढून ठेवला. बाई त्या रात्री गोळीवाचून झोपल्या. कथा इथेच संपायला हवी होती, पण घरात नवे यंत्र असले की माणसाला ते चालवायचेही असते. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वायरमनला बोलावले. माणूस प्रामाणिक, कामाला चलाख. त्याने दोन मिनिटे ऐकले, पक्कड काढली आणि पेटीच्या प्लगची वरची जाड पिन मुळापासून तोडून टाकली. आवाज बंद! "डॉक्टरसाहेब, अर्थिंगमुळं येतो हा आवाज. सगळीकडं असंच करतो आम्ही." मी खूश होऊन त्याला चहा पाजला.

तीन दिवसांनी सौभाग्यवती ओल्या फडक्याने टीव्हीचे कपाट पुसत होत्या. पाय अनवाणी, फरशी ओली. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. "अहो, तुमचं ते गाणारं कपाट चावतंय," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितले तर तो एरवी कधी बोलत नाही इतक्या कडक स्वरात म्हणाला, "बाबा, मेन स्विच बंद करा. आधी तो प्लग बदला, मग माझ्याशी बोला."

त्या जाड पिनबद्दल मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण ती तोडण्याची चाल आपल्याकडे फार आहे. इस्त्री असो, मिक्सर असो, फ्रीज असो, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही म्हणून, किंवा सबवूफर घुमतो म्हणून, तिचा बळी दिला जातो. ही पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब मुद्दाम केलेली असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, हा हेतू. यंत्राच्या पत्र्याला ती जमिनीशी जोडून ठेवते. उद्या आतली वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज या पिनेतून जोरात जमिनीकडे धावते, फ्यूज उडतो किंवा बोर्डावरचे बटण पडते आणि घरातले सुखरूप राहतात. पिन नसेल तर काहीच उडत नाही. पत्रा २३० व्होल्ट घेऊन गप्प उभा राहतो आणि कोणी हात लावायची वाट पाहतो.

किती वीज पुरेशी होते? दहा-पंधरा मिलिअँपिअर हातातून गेली तर मुठीचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे, छातीतून गेली आणि काही क्षण टिकली, तर हृदयाचा ताल बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. जुना १५ वॅटचा पिवळा रात्रीचा दिवा जेवढी वीज घेतो, तिच्या निम्म्याने हे काम होते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होतो तेव्हा कूलरला चिकटलेला एक तरुण शेतकरी माझ्यासमोर आणला होता. आणला तेव्हा नाडी नव्हती. तेव्हापासून मला पक्कड घेऊन पिन तोडणाऱ्या माणसाची भीती वाटायला हवी होती, आणि मी त्याला चहा पाजला.

विचार करता मला असे दिसते की वायरमनने केले ते आणि मी केले ते, दोन्ही एकाच जातीचे. त्याने पिन तोडून पेटी गप्प केली, मी गोळी देऊन बाई गप्प केल्या. आवाज का येतो हे दोघांनीही विचारले नाही.

मुलाने मग फोनवरून जे करवून घेतले ती खरी तपासणी. ती मी इथे देतो, कारण आता गावोगाव हप्त्यावर होम थिएटर घेतले जाते आणि ही तक्रार सर्रास आहे. नवा, अखंड तीन पिनांचा प्लग लावल्यावर घूं घूं अर्थातच परत सुरू झाली. "आता पेटीच्या मागचं आवाजाचं बटण फिरवा. घूं घूं कमीजास्त होते का?" होत होती. म्हणजे दोष बटणाच्या अलीकडे, बाहेरून येणाऱ्या तारेत असण्याचा संभव जास्त. "आता सगळं बंद करा, पेटीत येणारी आवाजाची वायर काढा, नुसता विजेचा प्लग ठेवा आणि चालू करा." पेटी गप्प. म्हणजे पेटी निरोगी. तशीही ती घुमत राहिली असती तर आतला एखादा भाग गेला असे समजून दुरुस्तीला टाकायची. घरी उघडायची नाही, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. "आता बंद करून वायर परत लावा. आणि सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलवाल्याची वायर फिरवून काढा."

ती काढली आणि घरात शांतता पसरली.

कारण असे की केबलवाल्याची वायर खांबावरून, गल्ल्यांतून फिरत येते. तिच्यावरचे जाळीचे वेष्टण कुठेतरी लांब, त्याच्या यंत्रापाशी जमिनीला जोडलेले असते. माझ्या घराचे अर्थिंग माझ्या परसात. दोन ठिकाणच्या जमिनीत विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो. सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि पेटी यांच्या तारांनी मी ही दोन टोके नकळत जोडली होती, आणि फरकाची ती वीज माझ्या आवाजाच्या वायरीतून ये-जा करत होती. पेटी तेवढीच मोठी करून ऐकवत होती. पिन तोडल्यावर हा फेरा तुटला म्हणून आवाज गेला. पण मग केबलवरची आणि यंत्रांतून झिरपणारी वीज जमिनीत जायला वाट उरली नाही, आणि तिने सौभाग्यवतींचा हात धरला.

उपाय साधे आहेत. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि पेटी यांचे प्लग एकाच बोर्डातून घ्यावेत, एक या भिंतीवर आणि दुसरा त्या भिंतीवर असे नको. आवाजाची वायर विजेच्या वायरीला लगटून नेऊ नये, आणि ती जाळीचे वेष्टण असलेली, चांगल्या प्रतीची असावी. एवढ्याने भागले नाही तर केबलच्या वायरीत बसवायचा एक लहानसा आयसोलेटर मिळतो. तो चित्र जाऊ देतो, पण दोन जमिनींची गाठ पडू देत नाही. मी तोच बसवला. ज्यांच्या घरी गच्चीवर छत्री आहे त्यांनी दुकानदाराला आधी विचारावे, कारण छत्रीच्या वायरीतून छत्रीपर्यंत वीजही जावी लागते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. तिथे पेटीकडे जाणाऱ्या आवाजाच्या वायरीत बसणारा वेगळा आयसोलेटर वापरतात.

याच निमित्ताने घराचे अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे. कोळसा-मीठ घालून पुरलेल्या नळीचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे लागते, हे आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत होते. आता कित्येकांना तो खड्डा परसात कुठे आहे हेही सांगता येत नाही. आणि मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर होम थिएटरच्या आधी तो घ्यावा. त्यावर एक लहान बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही हे पाहावे.

घूं घूं खेरीज पेटीच्या नावावर जे इतर आवाज खपतात, ते बहुधा पेटीचे नसतातच. बेस वाजला की कपाटाची काच, भिंतीवरचे फोटो, खिडकीची जाळी आणि फळीवरचे स्टीलचे डबे थरथरतात. एकाने वाजवत राहावे आणि दुसऱ्याने एकेका वस्तूवर हात दाबून पाहावे, खडखड कुठली ते लगेच कळते. आमच्याकडे ती सौभाग्यवतींच्या लग्नातल्या पितळी समईची निघाली. पेटी कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणली आणि खाली रबराचा जाड तुकडा घातला, की निम्मा घुमारा आपोआप उतरतो, शिवाय फरशीतून आणि भिंतीतून शेजाऱ्याकडे जाणारा कंपही कमी होतो. कोपरा हा खर्जाला कर्ण्यासारखा मोठा करतो. काही लोकांना तेच हवे असते, त्याला माझा इलाज नाही.

आता डॉक्टर म्हणून थोडे. रात्रीचा आवाज मोठा नसला तरी तो झोप उथळ करतो. निजलेल्या माणसाची नाडी आणि रक्तदाब आवाजाने चढतात, त्याला जाग आली नाही तरीही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली निजायच्या खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असे सांगितले, आणि त्यात खर्जाचा भाग मोठा असेल तर त्याहूनही कमी असावा असे जोडले. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण नियमातले डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात, तीत ५० कंपनांच्या आवाजाचे तब्बल ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे बाईंच्या उशाशी मापक यंत्र ठेवले असते तर त्यानेही सूनबाईंसारखेच "काही नाही" असे सांगितले असते. म्हणून यंत्रावर आणि पोलिसांवर फार विसंबू नये. शेजाऱ्याकडे चहाला जावे, आणि त्याला आपल्या उशीपाशी आणून बसवावे. मला बसवल्यावाचून माझी खात्री झाली नव्हती.

कानातला आवाज आणि बाहेरचा आवाज यांत फरक कसा करावा? कापसाचे घट्ट बोळे कानात घालावेत. बाहेरचा आवाज थोडा तरी दबतो, कानातला उलट ठळक होतो. बोटे घालून हे करू नये, कारण बोटांच्या आणि दंडाच्या स्नायूंचीच गुरगुर ऐकू येते आणि घोटाळा होतो. मग खोली बदलून पाहावी, दुसऱ्या गावी मुक्कामाला गेल्यावर आवाज येतो का ते पाहावे. आणि लाइट गेल्यावर काय होते हे पाहावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून पाहावे, तोही गुणगुणतो. सगळीकडे सोबत येणारा आवाज कानाचा किंवा नसांचा. तो एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा सोबत चक्कर असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, चार दिवस थांबू नये.

आणि ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी लक्षात घ्यावे की रिमोटने बंद केलेले यंत्र बंद नसते. बऱ्याच सबवूफरमध्ये आवाजाची चाहूल लागली की आपोआप जागे होण्याची सोय असते. ती घूं घूं हीच चाहूल समजून पेटी रात्रभर जागी राहते आणि शेजाऱ्याला जागे ठेवते. निजायच्या आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. आमच्याकडे हे काम आता माझ्याकडे आहे, रोज रात्री दहाला.

त्या वायरमनलाही मी बोलावून मोडकी पिन हातात दिली आणि सगळे सांगितले. त्याने मान्य केले, पण म्हणाला, "साहेब, लोकांना आवाज लगेच बंद पाहिजे असतो. तपासायला दोन तास लावले तर पैसे कोण देणार?" यावर मला उत्तर सुचले नाही. माझ्या दवाखान्यातही तोच हिशेब चालतो. त्या महिन्यापासून झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या साठीपुढच्या माणसाला मी दुपारी, गर्दी ओसरल्यावर बोलावतो. काही लोक परत येत नाहीत, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन गोळी घेतात.

बाईंचे प्लास्टर ऑगस्टमध्ये निघाले. रक्तदाब पूर्वीच्याच औषधावर पूर्वीच्या आकड्यावर आला. मनगट अजून पावसाळी हवेत ठणकते आणि फळ्यावर लिहिलेले असावे असे त्यांचे सुरेख अक्षर थोडे वाकडे येते. रविवारी दुपारी त्या आमच्याकडे जुना सिनेमा पाहायला येतात, आणि काळ्या पेटीपासून सर्वांत लांबची खुर्ची घेतात.